पेरणीआधी सांगा : अतिवृष्टीची मदत आणि तिचा नियम



थेट हिशेबाला हात घालतो. सभागृहात शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, महसूल खात्यातले काही आजी-माजी मित्रही मागच्या रांगेत दिसताहेत. त्यांनी पुढं येऊन बसलं तरी चालेल. आज कुणाचाही पंचनामा होणार नाही.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापुरात काय झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. सीना, मांजरा, तेरणा, सिंदफणा, सगळ्या नद्या पात्र सोडून शिवारात शिरल्या. सोयाबीन काढणीला आलं होतं, ते उभ्या जागी कुजलं. भूम-परंड्याकडे आणि माढा-करमाळ्याकडे पिकाबरोबर मातीही गेली. त्यानंतर गावोगावी एकच विचारपूस सुरू झाली : पंचनामा झाला का? यादीत नाव आहे का? केवायसी केली का? पैसे पडले का?

या चार प्रश्नांच्या मागं एक पाचवा प्रश्न आहे, तो फारसा कुणी विचारत नाही. किती पैसे मिळणार, हे पाऊस पडायच्या आधी कुणाला ठाऊक होतं का? माझं आजचं सगळं म्हणणं या पाचव्या प्रश्नाभोवती आहे. आधी पैसा कसा येतो ते पाहू, मग तो किती असतो, मग तो दर वर्षी कसा बदलतो, मग कुणापर्यंत पोहोचत नाही, आणि शेवटी काय करता येईल.

तर पहिला मुद्दा : पैसा येतो कुठून?

2005 साली देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यातून राज्याचा आपत्ती प्रतिसाद निधी आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधी उभे राहिले. महाराष्ट्रासारख्या राज्यात राज्याच्या निधीतले 75 टक्के केंद्राचे आणि 25 टक्के राज्याचे. कशाला किती द्यायचं याचे दर केंद्र ठरवतं. त्याहून जास्त द्यायचं असेल तर राज्यानं आपल्या तिजोरीतून द्यावं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण इथूनच सुरू होतं.

आता खालून वर या. महसूल मंडळात पर्जन्यमापक असतो. 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी. एका मंडळात कितीतरी गावं आणि यंत्र एका जागी. ढग काही मंडळाची हद्द पाहून फुटत नाही. तुमच्या शिवारात ओढा रस्त्यावर आला आणि यंत्राच्या गावात 58 मिलिमीटर पडला, तर कागदावर तुमच्याकडे अतिवृष्टी झालेलीच नसते. सीनाकाठी तर याहून वेगळं. पाऊस वर अहिल्यानगरकडे पडतो, पाणी खाली येतं. पूर ही वेगळी आपत्ती मानली जाते म्हणून तिथं दार उघडं राहतं. पण दहा-दहा दिवस रिमझिम पडून मुळं सडली तर? 2023 पर्यंत त्याला उत्तर नव्हतं. त्या वर्षी राज्य सरकारनं सततचा पाऊस ही आपत्ती मानली आणि तिचे निकष ठरवले. हे चांगलं झालं, आणि चांगलं झालं तर तसं म्हटलं पाहिजे.

मग पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक या तिघांनी मिळून तो करायचा. आता त्यांची पदनामं अनुक्रमे ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी अशी झाली आहेत. पदनामं लांबली, दप्तर तेवढंच राहिलं. एकेका तलाठ्याकडे दोन-तीन सजांचा भार, आणि आठवड्याभरात हजारो गट पाहायचे. गुडघाभर चिखलात कोण कुठवर जाणार? मग बांधावरून नजर टाकायची आणि आकडा लिहायचा. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तरी याहून वेगळं केलं नसतं.

तो आकडा तहसीलमधून जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून विभागीय आयुक्तांकडे, तिथून मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभागाकडे. शासन निर्णय निघतो. यादी संगणकावर चढते, तुम्हाला एक विशिष्ट क्रमांक मिळतो, त्याला आपण सगळे व्हीके नंबर म्हणतो. तो घेऊन महा ई-सेवा केंद्रात जायचं, अंगठा लावायचा, आणि मग आधारशी जोडलेल्या खात्यात पैसे. अंगठा उमटला नाही तर? आयुष्यभर खुरपं धरलेल्या हाताच्या रेषा यंत्राला दिसत नाहीत, हे सेवा केंद्रवाल्यांना विचारा. आता फार्मर आयडीही लागतो. प्रत्येक पायरीला काही कारण आहे. पण पायऱ्या चढता चढता हरभऱ्याची पेरणी निघून जाते, त्याचं काय?

दुसरा मुद्दा : पैसा असतो किती?

केंद्राचे 2022-23 ते 2025-26 या काळाचे दर असे. 33 टक्के किंवा अधिक नुकसान झालं असेल तर जिरायत पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, बागायतीला 17,000, बहुवार्षिक फळपिकांना 22,500. मर्यादा 2 हेक्टर. हेक्टराचा हिशेब शासनाचा, आपला हिशेब एकराचा आणि गुंठ्याचा. तर जिरायतीला एकरी सुमारे 3,440 रुपये आणि गुंठ्याला 86 रुपये. 86 रुपयांत आज काय येतं, हे इथल्या भगिनींनी सांगावं.

कुणी म्हणेल, ही पिकाची भरपाई नव्हेच, पुढच्या पेरणीला हात म्हणून दिलेली रक्कम आहे. बरोबर आहे. केंद्राच्या नियमात तिचा हेतू तोच आहे. मग त्याच हेतूनं मोजू. 2015 साली पंतप्रधानांनी नुकसानीची अट 50 टक्क्यांवरून 33 टक्क्यांवर आणली आणि दरही दीडपट केले. तेव्हा जिरायतीचा दर 6,800 झाला. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 2,600 रुपये होता. म्हणजे हेक्टरची मदत 2.6 क्विंटल सोयाबीनएवढी होती. 2025-26 मध्ये दर 8,500 आणि हमीभाव 5,328. ती मदत किती क्विंटलची? 1.6. हमीभाव दुप्पट झाला, मदत जेमतेम पाव पटीनं वाढली. आकडा वाढला आणि मदत घटली. हमीभाव तरी बाजारात मिळतो का, हा प्रश्न मी आज काढत नाही, नाहीतर व्याख्यान रात्रभर चालेल.

आणखी एक गंमत पाहा. गंमत कसली, दैना. 32 टक्के नुकसान झालं तर शून्य. 33 टक्के झालं तर पूर्ण दर. आणि शंभर टक्के गेलं, अगदी काडीही हाती लागली नाही, तरी तोच दर. ही अशी परीक्षा आहे जिच्यात फक्त पास आणि नापास आहेत, गुण कुणालाच नाहीत. परिणाम काय? तलाठ्यानं 30 लिहायचं की 35, यावर सगळं ठरतं. गावातलं सगळं वजन, सगळे संबंध, सगळी भांडणं त्या एका आकड्यावर येऊन आदळतात. आणि ज्याचं सर्वस्व गेलं त्याचं नुकसान मोजण्याची गरजच उरत नाही.

मातीचं वेगळं. जमीन खरडून गेली तर हेक्टरी 47,000 रुपये. 2025 च्या ऑक्टोबरात राज्यानं त्यावर रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाखांपर्यंतच्या कामाची भर घातली. कल्पना योग्य आहे. पण मुरूम उघडा पडलेल्या रानात माती आणायची कुठून? तलावातला गाळ आणायचा तर तो किती अंतरावर आहे, वाहतूक कोण करणार, कामाचा आराखडा कोण मंजूर करणार? रोख रक्कम एका दिवसात खात्यात टाकता येते, माती टाकता येत नाही.

तिसरा मुद्दा, आणि हा माझ्या दृष्टीनं मुख्य : दर वर्षी दर वेगळा का?

मी तुम्हाला फक्त क्रम सांगतो. भाष्य नंतर करू.

2019 चा नोव्हेंबर. अवकाळी पावसानं खरीप गेला. राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी खरीप पिकांना हेक्टरी 8,000 आणि फळबागांना 18,000 जाहीर केले, 2 हेक्टरपर्यंत.

2020. परतीचा पाऊस. ठाकरे सरकारनं 10 हजार कोटींचं पॅकेज दिलं, पिकांना हेक्टरी 10,000, फळबागांना 25,000, 2 हेक्टरपर्यंत.

2021. पुन्हा 10 हजार कोटींचं पॅकेज. जिरायतीला 10,000, बागायतीला 15,000, बहुवार्षिकला 25,000.

2022. सरकार बदललं. शिंदे सरकारनं जिरायतीला 13,600, बागायतीला 27,000, बहुवार्षिकला 36,000 केले, आणि मर्यादा 3 हेक्टर. म्हणजे तेव्हाच्या केंद्रीय दराच्या दुप्पट.

2024 चा जानेवारी. तेच वाढीव दर, तीच 3 हेक्टरची मर्यादा, शासन निर्णयानं पुन्हा लागू.

2025 चा मे महिना. दर परत 8,500, 17,000 आणि 22,500. मर्यादा परत 2 हेक्टर.

2025 चा ऑक्टोबर. महापुरानंतर 31,628 कोटींचं पॅकेज. मर्यादा परत 3 हेक्टर, आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी 10,000 वेगळे. जिरायतीचे झाले 18,500.

आता सांगा, या सहा वर्षांत जमीन बदलली का? सोयाबीनचं पीक बदललं का? मग त्याच शेतकऱ्याचं तेच नुकसान एका वर्षी 8,000 चं, दुसऱ्या वर्षी 13,600 चं आणि तिसऱ्या वर्षी 18,500 चं कसं होतं? या यादीत एकाच पक्षाचं सरकार नाही, सगळे आहेत. राष्ट्रपती राजवटसुद्धा आहे. त्यामुळं इथं पक्षाचं काही नाही. आणि निवडणुकीच्या तारखा या यादीशेजारी लिहून पाहायला मी सांगणार नाही, ते काम तुम्ही घरी करा.

तुम्ही म्हणाल, वाढवून दिलं, तर तक्रार कसली? तक्रार वाढीची नाही. तक्रार अशी की, वाढीसाठी आधी आक्रोश व्हावा लागतो. महापूर मोठा असला, कॅमेरे बांधावर आले, मोर्चे निघाले, तर दर वाढतो. आणि एखाद्या मेमध्ये चारच मंडळांत गारपीट झाली, कुणाचं लक्ष गेलं नाही, तर? त्या चार मंडळांतल्या शेतकऱ्याचं नुकसान कमी असतं का? त्याचं दुःख एकट्याचं असतं, एवढाच त्याचा गुन्हा.

पॅकेजच्या मोठ्या आकड्याकडेही नीट पाहा. 31,628 कोटींत रस्ते-पुलांसारख्या पायाभूत कामांचे 10 हजार कोटी आहेत, विम्यातून येऊ शकणारी रक्कम धरलेली आहे, रोजगार हमीची कामं आहेत. हे सगळं आवश्यकच आहे. पण शेतकरी तो आकडा ऐकतो आणि खात्यात पाहतो, तेव्हा दोन्हींचा मेळ बसत नाही. त्यातून पैसे तुकड्या-तुकड्यांनी येतात : आधी दोन हेक्टरचे, मग तिसऱ्या हेक्टरचे, मग बियाण्याचे. कोणता तुकडा कशाचा, हे बँकेच्या एसएमएसवरून ब्रह्मदेवालाही कळणार नाही. ओला दुष्काळ जाहीर करा अशी मागणी झाली, तेव्हा सरकारनं सांगितलं की नियमात असा शब्द नाही, पण दुष्काळाच्या सवलती देऊ. कर्जवसुलीला स्थगिती मिळाली, परीक्षा शुल्क माफ झालं. ठीक. पण तेही घोषणेनंच.

चौथा मुद्दा : मदत कुणापर्यंत पोहोचत नाही?

पहिला बटईदार. मराठवाड्यात किती जमीन बटईनं आणि ठोक्यानं कसली जाते, ते तुम्हाला माहीत आहे. बियाणं त्याचं, खत त्याचं, उसनवारी त्याची, आणि अनुदान सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याचं. मालक पुण्याला असतो, त्याच्या मोबाइलवर मेसेज येतो. भला असेल तर अर्धे देतो. लिखापढी का होत नाही? कारण कुळकायद्याची धास्ती. आपल्याकडं 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा. तो आला कसणाऱ्याच्या भल्यासाठी. त्याच्या भीतीनं आज कसणारा कागदावर कुठंच नाही.

दुसरी, शेतकरी बाई. राबते ती, सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. नवरा गेला तर वारस नोंदीला महिने लागतात, आणि तोवर मदत मयताच्या नावावर अडकून पडते. ज्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या सर्वाधिक, तिथंच हे घडतं. यावर मी आणखी काय बोलू?

तिसरं, सामाईक खातं. चार भाऊ, एक गट, एकानं संमतीपत्रावर सही केली नाही की चौघांचे पैसे थांबले. आपल्याकडं भाऊबंदकी आधीच कमी होती म्हणून की काय, तिला सरकारी अर्जाची जोड मिळाली.

चौथा, ज्याचं खातं बँकेनं होल्डवर ठेवलं. मदतीतून कर्जवसुली करू नये असं शासन निर्णयात दर वेळी लिहिलेलं असतं. दर वेळी लिहावं लागतं, यातच सगळं आलं.

आणि याच्या उलट बाजूला कोण? ज्याचं नुकसान झालंच नाही तो. जालना जिल्ह्यात अंबड-घनसावंगीत अनुदानाचा घोटाळा उघड झाला, बोगस नावांवर पैसे उचलले गेले, कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. असं एक प्रकरण घडलं की सरकार सगळ्यांसाठी आणखी एक कागद वाढवतं. चोरी करतो एक, आणि रांगेत उभं राहतात हजार.

आता काही आक्षेप येतील, ते टाळून चालणार नाही.

एक आक्षेप : एवढा पैसा तिजोरीत आहे कुठं? मी म्हणतो, तो पैसा आत्ताही जातोच आहे. प्रश्न वाढवण्याचा नाही, आधी सांगण्याचा आहे. दर आधी ठरलेला असला तर अर्थ खात्यालाही तरतूद करता येते. ऐनवेळी पॅकेज काढून इतर विभागांचा निधी कापायची वेळ येत नाही.

दुसरा आक्षेप : विमा आहे ना? आहे, पण पूर्वीसारखा नाही. 2016 च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना आहे. 2023 मध्ये राज्यानं ती 1 रुपयात दिली, बोगस अर्जांचा पूर आला, आणि 2025 मध्ये ती 1 रुपयाची सवलत बंद केली. त्याबरोबर स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान यांसारखे आधारही गेले. भरपाईला मग राहिला फक्त पीक कापणी प्रयोग, तोही मंडळाच्या सरासरीवर. तुमच्या एकट्याच्या शेतातून नदी गेली तर सरासरीला तिचा ओलावाही लागत नाही. आणि हे घडलं नेमकं महापुराच्या वर्षी.

तिसरा आक्षेप जुना आहे : असं आयतं देऊन शेतकरी आळशी होतो. एकरी 3,440 रुपयांवर कुणी आळशी होऊन दाखवावं, मी त्याचा जाहीर सत्कार करीन.

मग करायचं काय? त्यासाठी परदेशात जायला नको. शिवाजी महाराजांनी 1676 साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. ते आपत्तीचं पत्र नाही, लागवड वाढवण्याचं आहे. पण त्यातली रीत पाहा. गावोगाव जा, कसायची ताकद कुणाकडे आहे ते पाहा, त्याच्याकडे बैल नसतील तर बैलांसाठी पैसे द्या, खायला धान्य द्या, आणि वसुली मुद्दलाचीच करा, तीही त्याच्यात त्राण आल्यावर हळूहळू. मदत कुणाला? कसणाऱ्याला. कधी? पेरणीच्या वेळी. किती? नांगर चालेल इतकी. आपल्याला संगणक मिळाले, उपग्रह मिळाले, आणि या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मात्र आपण हरवून बसलो.

माझ्या सूचना पाच आहेत, आणि त्या आजच मांडायला कारण आहे. केंद्राच्या या दरांची मुदत मार्च 2026 पर्यंतचीच. त्यापुढच्या दरांत या सूचना याव्यात.

एक. दर हमीभावाशी बांधा. हेक्टरी किती रुपये, यापेक्षा किती क्विंटलची किंमत, हे ठरवा. हमीभाव दर वर्षी वाढतो, मदत आपोआप वाढेल. कुणाच्या घोषणेची वाट पाहायला नको.

दोन. एकच उंबरठा नको, टप्पे करा. 33 ते 50 टक्क्यांना एक दर, 50 ते 75 ला दुसरा, त्यापुढं तिसरा. मग 32 आणि 33 यांमधली ओढाताण कमी होईल.

तीन. मुदत घाला, आणि मुदत चुकली तर व्याज. ऊस नियंत्रण आदेश 1966 चा आहे. त्यात 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, दिली नाही तर 15 टक्के व्याजाची तरतूद आहे. कारखान्यानं शेतकऱ्याचे पैसे थकवले तर व्याज, मग सरकारनं थकवले तर का नको? व्याज नेहमी मिळतंच असं नाही, हे ऊसवाले सांगतील. पण ते मागायला कायद्याचा आधार आहे. आपल्या हातात तोही नाही.

चार. कसणाऱ्याची नोंद. आंध्र प्रदेशानं 2019 मध्ये कसणाऱ्यांच्या हक्कांसाठी कायदा केला. तिथं बटईदाराला 11 महिन्यांचं कार्ड मिळतं, आणि मालकाच्या मालकीला धक्का लागत नाही. आपल्याकडं ई-पीक पाहणी 2021 पासून आहे. पीक कोणतं हे आपण नोंदवतो. ते कोण कसतं, याचा एक रकाना वाढवायला काय हरकत आहे?

पाच. यादी भिंतीवर चिकटवू नका, ग्रामसभेत वाचा. नाव, गट क्रमांक, टक्केवारी, रक्कम. बोगस नाव वाचलं गेलं की गावच हसेल. चोरी पकडायला याहून स्वस्त यंत्र नाही.

या पाचांतली शेवटची सूचना अमलात आणायला मंत्रालयाची वाट पाहावी लागत नाही. ती तुमच्या हातात आहे. बाकीच्या चारांसाठी मी एकच गोष्ट मागतो. पुढच्या मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, तुमचे आमदार-खासदार लग्नकार्याला भेटतीलच. तेव्हा त्यांना रस्त्याचं विचारा, पाण्याचं विचारा, आणि हेही विचारा : यंदा अतिवृष्टी झाली तर हेक्टरी किती, किती हेक्टरपर्यंत, आणि किती दिवसांत? त्यांना उत्तर सांगता आलं तर समजा नियम झाला. "होईल काहीतरी घोषणा" असं ते म्हणाले तर समजा, यंदाही आपण पावसाबरोबर सरकारच्याही लहरीवर पेरणी करतो आहोत. आणि तसं असेल तर हा प्रश्न एकदा विचारून थांबू नका. उत्तर मिळेपर्यंत दर मे महिन्यात विचारा, एकट्यानं नव्हे, गावानं मिळून विचारा, आणि उत्तर लेखी मागा.